दहा दाढा

विशाखाला पुण्याच्या डेंटल कॉलेजात नंबर लागला. तिथलं खोलीभाडंच एवढं, की गादी, बादली, तिखट-हळद सगळं तिच्या मायनं, गयाबाईनं, साखऱ्याहून बांधून दिलं. शिकण्यासाठी माणसाच्या उपटलेल्या दहा दाढाही लागत होत्या. त्या पुण्यात विकत कशाला घ्यायच्या, म्हणून गयाबाईनं हिंगोलीच्या दाताच्या दवाखान्यातून आठ मागून आणल्या. दुसऱ्या दिवशी परत जाऊन राहिलेल्या दोनही आणल्या.

चार दिवसांनी विशाखाचा फोन आला. "माय, आठ किडक्या निघाल्या, मॅडमनी फेकून दिल्या. दोनच एक नंबर हायेत. तशाच अजून आठ पाठव ना. तुला काय, मागितल्या की भेटतात."

गयाबाईनं सुजलेला गाल धरला आणि जिभेनं तोंडातल्या दाढा मोजल्या.



"सहा हायेत. भागंल का?"