धोंडीचं खरं नाव

हौसाबाईची नजर केव्हाच गेलेली. चष्म्यातला ब्राउझर जग उघडून दाखवी, तेवढंच तिला दिसे. आज सकाळी सुरक्षेचं अपडेट बसलं. त्यानंतर तवा दिसला, तव्यावर फुगणारी भाकरी दिसली, पण भाकरी थापणाऱ्या लेकीच्या चेहऱ्यावर तांबडी पाटी आली : ‘हाकेचं नाव जन्मनोंदीशी जुळत नाही. चेहरा उघडणं धोक्याचं.’

“आये, खरं नाव सांग की त्याला. नाहीतर बस जन्मभर पाटीकडं बघत,” धोंडी हसून म्हणाली.

ते नाव हौसाबाईच्या ओठांवर कधी आलंच नव्हतं. आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून हिचं नाव आत्यानं एकदाच कानात सांगितलं. मरणाला ऐकू जाऊ नये म्हणून सगळ्यांनी ‘धोंडी’च हाक मारली. त्या दगडाच्या आडोशाला लेक एकतीस वर्षं केवड्यासारखी वाढली.

“नको गं बाई, राहू दे.”

“म्हणजे मला बघायचं नाही तुला?”

ते बोलणं काळजाला लागलं. हौसाबाई अगदी हळू म्हणाली, “केतकी.”

पाटी विरली. घामेजलेला, गालावर पीठ लागलेला चेहरा उघडला. तिनं तो डोळे भरून पाहिला. मग त्याखाली बारीक अक्षरं उमटली : ‘हे नाव एकतीस वर्षं कुणीतरी शोधत होतं. सापडल्याचं त्यांना कळवलं आहे.’

अंगणातून गोड आवाजात हाक आली, “केतकी!”

खऱ्या नावानं आलेली ती पहिलीच हाक. हौसाबाईनं पदर धरायला हात पुढं केला, तोवर लेक पिठाचे हात झटकत उठलीही होती.

“आले हं!”