ठणठणीत गाडीची तपासणी

दादानं मागेपुढे पाहिलं, कुणी बघत नाही याची खात्री केली आणि आत्याच्या गाडीच्या इंजिनावरची रबरी नळी हळूच ओढून काढली. सुस्स असा आवाज आला. दादाच्या जिवात जीव आला.

गेली सव्वीस वर्षं दादा गाडीचं दुखणं कानानं ओळखत होता. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. आता धाकट्या भावाच्या डोक्यात स्कॅनर शिरला होता. वायर जोडली की गाडीची अख्खी कुंडली पडद्यावर! सेल्समन तो घेऊन सकाळीच हजर झाला होता.

गॅरेजची जागा आत्याची, म्हणून निकालही आत्याचा. तिची अट सरळ होती. दादाच्या कानातून सुटलेला एक जरी बिघाड मशीननं पकडला, तर मशीन राहील आणि दादा काउंटरवर बसून फोन घेईल. फोन! दादाला कुणी रेड्याचं दूध काढायला बसवलं असतं, तरी तो हसत बसला असता.

त्यात आत्यानं परीक्षेला आपलीच गाडी दिली. परवाच सर्व्हिसिंग झालेली, ठणठणीत. इंजिन चालू ठेवून ती आत चहा घ्यायला गेली. बंद करून पुन्हा सुरू करण्यात पेट्रोल जास्त जातं, असं तिचं ठाम मत होतं. दादा गाडीभोवती दोनदा फिरला. ऐकायला काहीच नव्हतं. मग त्यानं नळी काढली. हवा कुठून गळते हे त्या डब्याला काय कळणार?

आत्या बाहेर आली. दादानं कानाला स्क्रू-ड्रायव्हर लावला आणि गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ डोळे मिटले.

"हवा गळतेय," तो म्हणाला. "मागची नळी."

"वा रे माझ्या वाघा!" आत्या म्हणाली.

सेल्समननं स्टिअरिंगखाली वायर जोडली. मशीन टिंग वाजलं. मग पुन्हा टिंग. मग आणखी दोनदा.

"चार बिघाड," सेल्समननं वाचलं.

"चार?" दादा, धाकटा आणि स्वतः सेल्समन, तिघंही एकदम ओरडले.

आत्यानं तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "का रे? तुम्हाला किती हवे होते?"

सेल्समन घाईघाईनं वाचू लागला. "एक, हवेची नळी. दोन, पुढच्या चाकाच्या ब्रेकची वायर. तीन, इंजिनाची गरमी मोजणाऱ्या सेन्सरची पिन."

दादाचा चेहरा उतरला. धाकट्यानं खिशातून फडकं काढलं. "दादा, काउंटरवरची खुर्ची पुसून ठेवू का?"

सेल्समनच्या अंगात आता वारं शिरलं. "मॅडम, हे तर काहीच नाही. कुठला बिघाड कितव्या मिनिटाला झाला, तेसुद्धा हे मशीन सांगतं!"

बोलून झाल्यावर त्यानं जीभ चावली. पण आत्यानं चष्मा लावला होता.

"दहा बेचाळीस. दहा सेहेचाळीस. दहा एकोणपन्नास," तिनं वाचलं. "गाडी मी इथे दहा चाळीसला लावली. नऊ मिनिटांत तीन बिघाड? कुणाच्या हाताला खाज सुटली होती?"

"नळी मी काढली," दादा पुटपुटला. "ठणठणीत गाडीत मी ऐकणार काय गं?"

"ब्रेकची वायर मी," धाकटा म्हणाला. "हवा बघतो म्हणून चाकाशी बसलो होतो. तिला आवाज नसतो ना, दादाला कळली नसती."

सेल्समननं टाय सैल केला. "मॅडम, सगळं ठीक आहे असं सांगणारं मशीन घेणार कोण हो?"

मग आत्या सुटली. "लाज वाटत नाही तुम्हाला? काल-परवापर्यंत नाक पुसत होतात आणि आज मला फसवता? केलं तर केलं म्हणून सांगायची तरी हिंमत ठेवा रे! खोटेपणा मला मुळीच खपत नाही." सेल्समनचं नाक तिनं कधीच पाहिलं नव्हतं, पण त्यानंही मान खाली घातली.

विषय बदलावा म्हणून धाकट्यानं पडदा खाली सरकवला. "आत्या, चौथा राहिलाच. आजचाच आहे. नऊ वाजून बारा मिनिटं, इथून आठ किलोमीटर मागे. गाडी रिव्हर्समध्ये. मागचा सेन्सर तुटला."

"आठ किलोमीटर म्हणजे तुझं घर," दादा म्हणाला.

सगळे गाडीच्या मागे गेले. बंपर आत गेला होता आणि त्यावर हिरव्या रंगाचा रुंद पट्टा उमटला होता.

"तुमचं गेट हिरवंच ना गं?" दादानं हळूच विचारलं. "सकाळी आतोबांचा फोन होता. कुणा टेम्पोवाल्यानं गेट पाडलं, असं तू सांगितलंस म्हणे. ते टेम्पोवाल्याला शोधत फिरताहेत."

आत्यानं चष्मा काढला. पदरानं पुसला. पुन्हा लावला नाही.

तेवढ्यात मशीन परत टिंग वाजलं. सेल्समनचा चेहरा उजळला. "आणि मॅडम, सगळ्यात भारी म्हणजे, हा रिपोर्ट वेळेसकट थेट गाडीच्या मालकाच्या मोबाइलवर जातो. बटण दाबू? गाडी कुणाच्या नावावर आहे?"

"आतोबांच्या," दोघं भाऊ एका सुरात म्हणाले.

आत्यानं स्टिअरिंगखाली हात घातला, वायर हिसका देऊन काढली आणि मशीन सेल्समनच्या पोटाशी टेकवलं.

"परत घेऊन जा हे," ती म्हणाली. "आमच्या दादाचा कानच बरा. कानाला तोंड नसतं."