पाकिटावरची बोंडअळी

शाइस्तानं आपल्या वावरातल्या बीटी कपाशीवरच्या बोंडअळीचं शूटिंग केलं आणि घरच्या कॉम्प्युटरवर सीडी राइट करायला बसली. पाकिटांवर 'बोंडअळी' आधीच लिहून ठेवलं होतं, पण पाच सीड्या नव्वद टक्क्यांवर एरर येऊन वाया गेल्या. स्पीड कमी केल्यावर सहावी झाली. ती घेऊन अब्बा सकाळच्या एसटीनं कृषी अधिकाऱ्याकडे गेले.

शूटिंगची कुणकुण लागून दुपारी हे बीटी बियाणं विकणारे शेखरशेठ दारात उभे. "साऱ्या सीड्या आण."

तिनं वाया गेलेल्या पाचही त्या पाकिटांत घालून देऊन टाकल्या.

संध्याकाळी शेठ परत आले. "काऊन वं, पाकिटावर बोंडअळी लिहेल हाय, अन् आत तर काहीच नाही."



"तुमच्या बियाण्याच्या पाकिटावर 'बोंडअळी येत नाही' लिहेल होतं, शेठ. झाली फिट्टंफाट."