टेकडीपलीकडचा आवाज

"ऐकलंस? ससा वळला," हालग्रिम म्हणाला. "आवाज कसा बदलला बघ तिचा."

टेकडीपलीकडून कुत्रीचं भुंकणं खणखणीत येत होतं. हालग्रिम घराच्या पायरीवर कान देऊन बसला होता. डोळे जाऊन वर्षं झाली होती. आता शिकार तो कानांनीच करायचा.

त्याच्या मुलीचा, गुन्वोरचा जीव मात्र टांगणीला लागला होता. बाबा हृदयाच्या दुखण्यानं इस्पितळात असताना त्यांची शिकारी कुत्री टिन्ना मेली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, धक्का नको. म्हणून टिन्नाच्या जागी त्याची कुत्री सोडायची गळ तिनं शेजारच्या आनुनला घातली. त्याची फ्रीदही टिन्नासारखीच, सशांचा माग काढणाऱ्या डुंकर जातीची. तसेच लांब कान, तसाच भरदार आवाज.

दोघा म्हाताऱ्यांचं कुत्र्यांवरून हाडवैर. "आनुनच्या कुत्रीला सशापेक्षा शेजारच्या स्वयंपाकघराचा वास आधी येतो," असं हालग्रिम गावभर सांगायचा. तरी आनुन आढेवेढे न घेता आला होता.

अचानक भुंकणं थांबलं.

"माग तुटला," आनुन चुळबुळत म्हणाला.

"बस गप. डुंकर घाई करत नाही. नाक जमिनीला लावून गोल फिरेल, जिथं सुटला तिथूनच उचलेल."

बराच वेळ नुसता वारा. मग टेकडी पुन्हा दणाणली.

हालग्रिमची छाती फुगली. "अशी चिवट कुत्री आख्ख्या खोऱ्यात दुसरी नाही. आहे का, आनुन?"

"नाही," आनुन म्हणाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता. आपल्या कुत्रीचं कौतुक दुसरीच्या नावानं ऐकणाऱ्या त्या माणसाची गुन्वोरला कणव आली.

ससा निसटला असावा. कुत्री धापा टाकत अंगणात आली.

"ये पोरी." हालग्रिमनं तिला गुडघ्यांत घेतलं. कान उलटे करून कोरड्या फडक्यानं आतून पुसले. पंजाच्या बोटांमधले काटे चाचपून काढले. "कान ओले राहिले की पिकतात. धावून आल्या आल्या पोटभर खायला घालायचं नाही. आणि रोज रानात सोडायची. कोंडलेली डुंकर घर डोक्यावर घेते."

"हो," आनुन म्हणाला.

गुन्वोरनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि कॉफी आणली. कुत्री हालग्रिमच्या पायांवर मान टाकून पडली होती. त्यानं कॉफीचा एक घोट घेतला.

"गुन्वोर, टिन्नाला पुरलंस तिथं उद्या मला घेऊन चल," तो शांतपणे म्हणाला. मग आनुनकडे तोंड वळवलं. "आणि तू रडू नकोस रे म्हाताऱ्या. आज जे जे बोललो, ते तुझ्या फ्रीदबद्दलच बोललो."