रतिलालची ना-हरकत

परवाना विभागातल्या मॅडमचं बोट बंदुकीच्या अर्जाच्या अकराव्या रकान्यावर थांबलं आणि रतिलाल खुर्चीत पुढे सरकला.

‘यापूर्वी शिक्षा झाली आहे काय?’ असा तो रकाना. मघाशी जळगावच्या कलेक्टर कचेरीबाहेर अर्ज लिहिणाऱ्याकडून रतिलालनेच तिथे ‘नाही’ लिहून घेतलं होतं. घरातलं भांडण घरात मिटलं, ते सरकारला कशाला सांगायचं, हा त्याचा शहाणपणा. मग तो झेरॉक्स काढायला गेला आणि थोरला भाऊ हेमराज अर्ज सांभाळत बाकावर बसला.

बंदूक त्यांच्या वडिलांची, आबांची, ठासणीची. रावेरकडच्या त्यांच्या केळीत रानडुकरं शिरतात म्हणून आबांना परवाना मिळाला होता. आबा गेले आणि बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. गावच्या रीतीने ती थोरल्याकडे यायची. यंदा दसऱ्याला पूजेच्या पाटावर तिची जागा रिकामी राहिली, तेव्हा ‘थोरल्याच्या हाती आता बंदूक कोण देणार?’ असं लोक कुजबुजले, ते रतिलालने ऐकलं. त्याच्या जिवाला ते फार लागलं. सात वर्षांपूर्वी पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांची जुंपली होती. रागाच्या भरात हेमराजने विळा चालवला. रतिलालच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. खटला साडेचार वर्षं चालला आणि मग हेमराज दोन वर्षं आत राहून आला. सुटून आला तो थोरला असून धाकट्याच्या पाया पडला. तेव्हापासून रतिलालने मनाशी धरलं होतं, भावाची गेलेली पत आपणच परत आणायची. परवाना हेमराजच्या नावे व्हावा म्हणून उरलेल्या बोटांत पेन धरून त्याने वारसाची ना-हरकत सही करून दिली होती.

“इथे ‘नाही’ खोडून ‘होय’ केलंय, पुढे शिक्षेचा तपशीलही लिहिलाय,” मॅडम म्हणाल्या. “कोणी?”

“मीच केलं,” हेमराज म्हणाला.

“मारहाणीची शिक्षा आहे. ती संपल्यापासून पाच वर्षं परवाना मिळत नाही. तुमचं तर वर्षही झालेलं नाही.”

“चालते, मॅडम.” हेमराजने असा श्वास सोडला, जणू डोक्यावरचा केळीचा घड कुणी उतरवून घेतला.

बाहेर येताच रतिलाल उसळला. “काय केलं भाऊ हे? गावाले आता काय तोंड दाखवू? अन् डुकरं?”

“डबे वाजवू,” हेमराज म्हणाला आणि चक्क हसला. कितीतरी दिवसांनी तो असा हसत होता.

खरं सांगायचं तर रतिलाललाही हलकं वाटत होतं आणि त्याचीच त्याला लाज वाटत होती. हेमराजने त्याचा तो अधू हात आपल्या हातात घेतला.

“त्या दिवशी माह्या हाती विळा व्हता, बंदूक नव्हती, रतिलाल. म्हनून आज सही कराले तू हाये.”