शेवटच्या अंतऱ्याबद्दल

"सगळ्या जगाला आवडतं आणि तुम्हाला ऐकवत नाही, असं एखादं गाणं सांगा ताई," संगीतकार म्हणाला आणि चहाचा कप तिच्याकडे सरकवला.

"एकच?" ताईने विचारलं. "मग अवघड आहे."

तो हसला. ताईच्या मतांबद्दल त्याने ऐकलेलं दिसत होतं. शंभर व्हायोलिनं एकदम वाजली की तिला शंभर जणांची सर्दी आठवायची. लोक ज्या विरहगीतांवर डोळे पुसत, त्यांना ती झोपेचं औषध म्हणायची. उलट शिट्टी मारत गायलेलं एखादं उडतं, थिल्लर गाणं तिला मनापासून आवडायचं, आणि ती ते चारचौघांत सांगायची. त्यामुळे बरेच जण दुखावले होते. पण तिचा कान पक्का आहे, हे दुखावलेलेही मान्य करत.

कान पक्का, गळा त्याहून पक्का, आणि नाव मात्र कुठेच नाही. गेली वीस वर्षं ताई डमी गात होती. मोठ्या गायिकेला चाल समजावी म्हणून आधी कुणीतरी गाणं गाऊन ठेवायचं, तो डमी. मोठी गायिका येऊन गाऊन गेली की डमी पुसून टाकायचा. पाठीमागे लोक तिला डमीताई म्हणत आणि तिला ते ठाऊक होतं.

तिची धाकटी बहीण मात्र डमी गात नव्हती. तिला सारेगमपासून ताईनेच शिकवलं होतं. दोघींचे आवाज इतके सारखे की फोनवर आईचाही गोंधळ उडायचा. तरी नशीब उघडलं ते धाकटीचं. सहा महिन्यांपूर्वी तिचं एक गाणं आलं आणि जिकडेतिकडे तेच वाजायला लागलं. त्याचाही डमी ताईनेच गायला होता.

धाकटी ते गाणं घेऊन पहिल्यांदा घरी आली तेव्हा म्हणाली होती, "शेवटपर्यंत ऐक हं ताई. मगच बोल."

ताईला दुसऱ्या अंतऱ्यापलीकडे बसवेना. ती कपडे वाळत घालायला म्हणून गच्चीवर गेली, आणि खाली येऊन म्हणाली, "ऐकलं. छान झालंय."

"खरंच?" धाकटीने तिला मिठीच मारली. "मला वाटलं, तू रागावशील."

त्या दिवसापासून ते गाणं कुठे लागलं की ताई दुकानातून बाहेर पडायची, रेडिओ बंद करायची. हा मत्सर आहे हे तिला कळत होतं. सख्ख्या बहिणीचा मत्सर करायची तिला लाजही वाटत होती. पण लाज वाटली म्हणून आग थोडीच विझते?

"मी सांगू, कोणत्या गाण्याबद्दल विचारतोय?" संगीतकाराने त्या गाण्याचं नाव घेतलं. "त्यातला शेवटचा अंतरा."

ताईने कप खाली ठेवला. हा आठ गाण्यांचा अल्बम करतोय, आठही गाणी एकाच गायिकेला देणार आहे, हे सगळ्या स्टुडिओत माहीत होतं. त्याने बोलावलं तेव्हा ती वेड्यासारखी आशा धरून, इस्त्रीची साडी नेसून आली होती. म्हणजे अल्बम धाकटीचा, आणि आपल्याकडून नुसती शिफारस हवी आहे तर.

"लावू का?"

"नको. पाठ आहे मला."

"हो, तुम्हाला काय ऐकवायचं," तो म्हणाला. "खरं सांगू? या अल्बमची कल्पनाच मला त्या अंतऱ्यावरून सुचली. आठही गाणी याच आवाजात करायची, असं ठरवून टाकलं मी. पण म्हटलं, आधी तुमचं मत घ्यावं. संकोच अजिबात नको."

"मग ऐका. लोकांना आवडतो तो अंतरा, पण मला नाही आवडत. ओढूनताणून गायलाय. ती चढत जाणारी ओळ आहे ना, तिथे गाणारीचा दम संपतो. मग ती घशातून रेटते."

धाकटीचं नाव तिने मुद्दाम घेतलं नाही. नाव घेतलं असतं तर आवाजातला कडवटपणा लपला नसता. आणि वर चढताना धाकटीचा दम संपतो, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार?

"इतकं वाईट?" संगीतकाराचा चेहरा उतरला.

"एका गाण्यात खपून जातं. आठ गाण्यांत लोक कंटाळतील."

"आणि मेहनत करून घेतली तर? मी सहा महिने थांबायला तयार आहे."

ताई क्षणभर घुटमळली. लहानपणी तंबोऱ्यामागे लपून बसणारी धाकटी तिला आठवली. एक शब्द चांगला बोलायला काय जात होतं? पण तो शब्द काही तोंडातून निघेना.

"तो आवाज जितका पुढे जायचा तितका गेला," ती म्हणाली. "मेहनतीने वाढणारा नाही तो. दुसरी कुणीतरी बघा."

संगीतकाराने समोरच्या फाइलमधून एक करारपत्र काढलं, त्याचे दोन तुकडे केले आणि टोपलीत टाकले. सहा महिन्यांत पहिल्यांदाच ताईला हलकं वाटलं.

"तुमच्या बहिणीला फार वाईट वाटेल," तो म्हणाला.

"वाटू दे. सावरेल ती."

"सावरेल हो. पण रेकॉर्डिंगच्या दिवशी तिचा घसा बसला आणि शेवटच्या अंतऱ्याला तुमचा डमीच राहू दिला, हे तिने मला सांगितल्यापासून ती एकसारखी मागे लागली होती, की अल्बम ताईलाच द्या. आता स्वतःच्या आवाजाबद्दल तुमचंच असं मत असेल, तर मी तरी कसा आग्रह करू?"