जावयाचा सिगार

उकंडरावांनी गाल आत जाईपर्यंत झुरका ओढला आणि तोंडात काहीच आलं नाही. धूर नाही, चव नाही. सिगारचं पुढचं टोक लाल झालं होतं, तिथून धुराची रेघ निवांत वर चालली होती. तोंडात मात्र ठणठणाट. उभा जन्म बिडी ओढण्यात गेलेल्या माणसाला हा अनुभव नवाच होता. बिडीसारखाच तर दातात धरून पेटवला होता.

समोर बाजेवर जावई बसला होता. गजेंद्र. हातात सिगारच्या डब्यातून निघालेलं कार्ड आणि डोळे सासऱ्याच्या तोंडावर.

"काय म्हणता, मामाजी? लिमिटेड एडिशन आहे. जगात मोजकेच काढलेत. आमच्या साहेबांनी खास मला दिला." गजेंद्र मूळचा चिखलीचा, पण पुण्याला नोकरी लागल्यापासून छापील बोलायचा.

उकंडरावांनी डोळे मिटून घेतले. खरं बोलायची सोय नव्हती. मागे एकदा गजेंद्रनं पुण्याहून बिनसाखरेचे पेढे आणले होते. उकंडरावांनी एक तोंडात टाकला आणि भरल्या ओसरीवर बोलून गेले, "हे ढोराईले टाका." जावई वाढलेल्या ताटावरून उठला तो उठलाच. त्यानंतर दोन वर्षं त्यानं धामणगावात पाय ठेवला नाही. पोरगी जयमाला सणावाराला एकटीच एसटीनं यायची आणि कोणी जावयाचं विचारलं की चुलीत लाकडं सारत बसायची. त्यानंतर आज पहिल्यांदा ती नवऱ्याला घेऊन आली होती. आल्या आल्या बापाला गोठ्याकडे नेऊन म्हणाली, "बाबा, ते जे आणतीन त्याले चांगलं म्हणजा. माह्यासाठी." तिनं दोन एकर मागितले असते तर सोपं गेलं असतं. जीभ आवरायची म्हणजे उकंडरावांना घाम फुटण्याचं काम.

"वा," उकंडराव म्हणाले.

"कोकोचा वास येतो?" गजेंद्रनं कार्डात बघत विचारलं.

"येते ना." कोको हे झाड आहे की जनावर, हे उकंडरावांना ठाऊक नव्हतं.

"आणि चामड्याचा?"

"हाव. नव्या वाहणेचा."

"देवदाराचं लाकूड?"

"ते त मंघाच लागलं."

गजेंद्र फुलून गेला. मग त्यानं स्वतः सिगार घेतला, डोळे मिटून ओढला आणि बराच वेळ मान हलवत राहिला. "शेवटी मधाची चव राहते," तो म्हणाला. उकंडराव मनातून खचले. म्हणजे सिगार चालू होता. दोष आपल्याच छातीत असणार, पोरगी-जावई परत गेले की बुलढाण्याला डॉक्टरला दाखवून यायचं, असं त्यांनी ठरवलं.

तेवढ्यात शेजारचा गोकुळ वासावर आला. त्याच्या जिभेला हाड नव्हतं आणि सिगार तर त्यानं मागूनच घेतला. पहिल्या झुरक्याला त्याचे गाल आत गेले, दुसऱ्याला डोळे बाहेर आले.

"काऊन हो भाऊ, हे त..."

उकंडरावांनी त्याच्या अंगठ्यावर टाच ठेवली आणि सगळा भार दिला.

"...हे त लय हलकी हाय," गोकुळ कळवळून म्हणाला. "इतकी हलकी, का छातीले समजतच नाही."

"हाच तर क्वालिटीचा गुण," गजेंद्र म्हणाला.

दाराशी गोजरबाई सुपारी कातरत बसल्या होत्या. डब्यात सिगारबरोबर एक चकचकीत, इवलासा अडकित्ताही निघाला होता. गजेंद्रनं तो दोन्ही हातांनी सासूला दिला होता. कंपनी घरच्या बाईमाणसाचाही विचार करते, हे उकंडरावांना फार आवडलं होतं.

गजेंद्रचा फोन वाजला. साहेबच होते. गजेंद्रनं अभिमानानं आवाज मोठा केला, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून.

"सर, सासऱ्यांनी ओढला. कोको, चामडं, देवदार, सगळं बरोबर सांगितलं त्यांनी."

"अरे वा, जाणकार आहेत," साहेब म्हणाले. "आणि मागचं टोक नीट कापलंस ना? डब्यात छोटा कटर आहे बघ. ते टोक बंद असतं. कापल्याशिवाय तोंडात धूर येतच नाही. एकानं तसाच ओढला होता, आम्ही हसून मेलो."

फोन बंद झाला. सगळ्यांच्या नजरा गोजरबाईंच्या हाताकडे गेल्या. कटरच्या पात्यांत सुपारीचं अर्धं खांड अडकलेलं होतं.

चहाचे कप घेऊन आलेली जयमाला उंबऱ्यातच थांबली. गजेंद्रचे कान लाल झाले होते. उकंडरावांना वाटलं, आता हा उठणार, बॅग उचलणार आणि पोरगी पुन्हा एकटी यायला लागणार.

गजेंद्रनं सासऱ्याकडे पाहिलं. पुणं त्याच्या जिभेवरून उतरलं होतं.

"मामाजी, तुम्हाले नव्या वाहणेचा वास कुठून आला?"

उकंडरावांनी सिगारकडे बोट दाखवलं. "तुम्हाले मध जिथून आला ना, तिथूनच."

मग गजेंद्रचे खांदे हलायला लागले, आणि तो पोट धरून बाजेवर आडवा झाला. गोकुळ अंगठा चोळत हसला. उकंडरावही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. जयमालाच्या हातातले कप किणकिणत होते.

गोजरबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी कटरमधलं खांड काढलं, जावयाच्या तळहातावर ठेवलं आणि नवऱ्याकडे वळल्या.

"एवढं खोटं त्या पेढ्याच्या टायमाले बोलले असते, त माही पोरगी दोन वर्सं एकटी आली नसती."